संलयन भट्टीतली घनता मोजणारा अवरक्त लेसर : कोणती तरंगलांबी, आणि का?

तरंगवेध

संलयनावर (हलके अणुगर्भ जोडून ऊर्जा मिळवण्यावर) इथे बरेच धागे झालेत, पण बहुतेक चर्चा तापमानाभोवती फिरते. १५ कोटी अंश हा आकडा डोळे दिपवतो हे खरंच. घनतेचा उल्लेख मात्र ओझरता येतो, आणि ती मोजतात कशी हे फारसं कुणी विचारत नाही. मला हा मोजमापाचा भाग संलयनातला सगळ्यात देखणा वाटतो, म्हणून हा धागा.

आधी घनतेचं एवढं महत्त्व का ते सांगतो. ड्युटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड भावंडांचं मिश्रण ठरावीक तापमानाला ठेवलं, तर मिळणारी संलयन ऊर्जा घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. घनता दुप्पट केली की ऊर्जा चौपट. साहजिकच ती वाढवावीशी वाटते, पण टोकामॅकमध्ये, म्हणजे चुंबकक्षेत्राने प्लाझ्मा कोंडणाऱ्या कड्याच्या आकाराच्या यंत्रात, ती हवी तेवढी वाढत नाही. एमआयटीचे मार्टिन ग्रीनवाल्ड यांनी १९८८ साली निरनिराळ्या यंत्रांचे आकडे एकत्र मांडून एक सोपी मर्यादा काढली. प्लाझ्मातून (इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या तापलेल्या वायूतून) वाहणारा प्रवाह मेगाअँपिअरमध्ये घ्यायचा, त्याला पाय (π) आणि छेदाच्या मीटरमधल्या त्रिज्येचा वर्ग यांच्या गुणाकाराने भागायचं. येईल ते उत्तर १०^२० प्रति घनमीटर या मापात इलेक्ट्रॉनांच्या घनतेची कमाल पातळी. फ्रान्समध्ये कादराशला उभ्या राहणाऱ्या आयटर या टोकामॅकसाठी प्रवाह १५ मेगाअँपिअर आणि त्रिज्या २ मीटर, म्हणजे उत्तर १.२ च्या आसपास येतं. याच्या वर गेलं की प्लाझ्माचा काठ थंड पडत जातो आणि शेवटी डिसरप्शन होतं, म्हणजे अख्खा प्रवाह क्षणार्धात कोसळतो आणि त्याचा सगळा ताण भिंतींवर आणि पात्रावर येतो.

घनता फार कमी झाली तरी धोका आहेच. प्लाझ्मा तापवायला वेगवान न्यूट्रल अणूंचा मारा करतात. प्लाझ्मा विरळ असेल तर हे अणू आरपार जाऊन समोरच्या भिंतीवर आदळतात आणि ती भाजून काढतात. म्हणून घनतेचा आकडा दर मिलिसेकंदाला हवा असतो. गॅसची झडप किती उघडायची, न्यूट्रल बीम चालू करायला परवानगी द्यायची की नाही, हे त्या आकड्यावर ठरतं.

आता हा आकडा मिळतो कसा? प्लाझ्मातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राबरोबर डोलतात आणि त्यामुळे प्लाझ्माचा अपवर्तनांक एकापेक्षा किंचित कमी होतो. काच किंवा पाणी यांच्या नेमकं उलट. हा फरक किती? १०.६ मायक्रॉनचा कार्बन डायऑक्साइड लेसर आणि १०^२० घनता धरली तर दहा लाखांत पाच. एक मीटर प्लाझ्मा ओलांडताना त्या झोताच्या वाटेत पाच मायक्रॉनांचा फरक पडतो, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीपेक्षा थोडा कमी. एक झोत प्लाझ्मातून आणि दुसरा बाहेरून नेऊन दोन्ही परत एकत्र आणले की त्यांच्या फेजमधला (तरंग आपल्या फेऱ्यात कुठवर आला आहे त्यातला) फरक वाचता येतो. या रचनेला इंटरफेरोमीटर म्हणतात. तो फरक झोताच्या वाटेवरच्या एकूण इलेक्ट्रॉनांच्या थेट प्रमाणात असतो. मध्ये कुठलाही जुळवून घेतलेला गुणक नाही. इलेक्ट्रॉनची अभिजात त्रिज्या, म्हणजे २.८२ गुणिले १०^-१५ मीटर, गुणिले तरंगलांबी, गुणिले वाटेवरची घनतेची बेरीज, बस. मूलभूत स्थिरांकांवरून थेट उत्तर देणारी मापनपद्धत संलयनात क्वचितच सापडते.

कल्पना जुनी आहे. १९६३ साली ॲशबी आणि जेफकॉट यांनी गॅस लेसरचा अवरक्त इंटरफेरोमीटर करून प्लाझ्माची घनता मोजली होती. लेसर जन्माला येऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. कार्बन डायऑक्साइड लेसर कुमार पटेल यांनी बेल लॅब्समध्ये १९६४ साली दाखवला, आणि संलयनाच्या लोकांना हवी असलेली भरवशाची, ताकदवान अवरक्त शलाका हाती आली.

खरा पेच तरंगलांबीचा आहे. ती लांब घेतली (अगदी मिलिमीटरभराच्या मायक्रोवेव्हपर्यंत) तर प्लाझ्माचा ठसा मोठा उमटतो, पण झोत वाकतो. आखूड घेतली तर झोत सरळ जातो, पण यंत्राचं थरथरणं प्लाझ्मापेक्षा मोठं दिसायला लागतं. माझं मत असं की पुढच्या भट्ट्यांसाठी १० मायक्रॉनचा परिसर हीच योग्य जागा आहे, आणि त्याची कारणं अचूकतेपेक्षा भरवशाशी जास्त निगडित आहेत. इथे इतर कुणी या विषयाजवळ काम करत असेल तर जरूर लिहा.

साधा_वाचक

छान सुरुवात. दोन शंका. एवढ्या तापलेल्या पदार्थात लेसर शोषला जात नाही का? आणि लेसरमुळे प्लाझ्माच आणखी तापला तर मोजमाप बिघडणार नाही का?

तरंगवेध

शोषण जवळजवळ शून्य. हा प्लाझ्मा कमालीचा विरळ आहे. खोलीतल्या हवेच्या एका घनमीटरमध्ये जितके रेणू असतात, त्यांच्या सुमारे अडीच लाखाव्या हिश्शाइतकेच इलेक्ट्रॉन इथे एका घनमीटरमध्ये असतात. शिवाय तो इतका गरम असतो की इलेक्ट्रॉन आणि आयन यांच्या टकरी फार विरळ होतात, आणि शोषण टकरींमुळेच होतं. तापण्याचं म्हणाल तर मापनाचा लेसर काही वॅटचा, आणि प्लाझ्मात ओतली जाणारी शक्ती कोट्यवधी वॅट. प्लाझ्माला लेसरचा पत्ताही लागत नाही. लेसरऐवजी धातूची तपासकांडी म्हणाल तर ती फक्त अगदी काठाजवळ घालता येते. गाभ्यात ती टिकणार नाही, आणि टिकली तरी प्लाझ्मा खराब करेल.

दुर्बीण

विषय आवडला, पण मायक्रोवेव्हला तुम्ही फारच लवकर बाजूला सारलंत असं वाटतं. कित्येक टोकामॅकवर मिलिमीटर तरंगांचे इंटरफेरोमीटर वर्षानुवर्षं उत्तम चालले आहेत. मिलिमीटर तरंगलांबीला यंत्राच्या मायक्रॉनभर थरथरीने काहीच फरक पडत नाही. आरशांवर थर बसला तरी चालतं. रचना सोपी, देखभाल कमी. लेसरचा एवढा खटाटोप खरंच लागतो का?

गणिती

लहान यंत्रासाठी दुर्बीण यांचं म्हणणं मान्य. मोठ्या यंत्रात मात्र आकडे आड येतात.

प्रत्येक तरंगलांबीला एक कटऑफ घनता असते. त्या घनतेला तरंग पुढे जाऊच शकत नाही, परत फिरतो. १०० गिगाहर्ट्झ, म्हणजे ३ मिलिमीटर, यासाठी ती १.२४ गुणिले १०^२० आहे. आयटरच्या गाभ्यातली घनता १०^२० च्या आसपास. म्हणजे कडेलोटाच्या अगदी काठावर. १०.६ मायक्रॉनसाठी हीच कटऑफ घनता १०^२५ च्या जवळपास येते, आयटरच्या घनतेच्या लाखपट. तिकडे कधीच पोचायचं नाही.

पण अडचण कटऑफच्या खूप आधी सुरू होते. प्लाझ्मा मध्ये दाट आणि कडेला विरळ असतो, त्यामुळे तो अंतर्गोल भिंगासारखं काम करतो आणि झोत बाहेरच्या बाजूला ढकलतो. बाजूने जाणाऱ्या झोताचं कमाल वाकणं साधारण घनता भागिले कटऑफ घनता इतकं रेडियन असतं, म्हणजे तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात. १०^२० साठी १९५ मायक्रॉनला ते ३.४ मिलिरेडियन येतं. दहा मीटर पुढे गेल्यावर झोत ३४ मिलिमीटर सरकलेला. १०.६ मायक्रॉनला दहा मीटरवर सरकणं ०.१ मिलिमीटर. इथे मला निकाल लागलेला दिसतो.

दुर्बीण

कटऑफचा आकडा पटला. मग मधला पट्टा, ज्याला दूर अवरक्त म्हणतात, तो का वापरला गेला? जेट या युरोपीय टोकामॅकवर तर तोच होता ना?

तरंगवेध

हो, इंग्लंडमधल्या कलहॅमच्या जेटवर अनेक दशकं तोच होता. १९५ मायक्रॉनचा डीसीएन लेसर, जोडीला ११९ मायक्रॉनचा मिथेनॉल लेसर, चार उभ्या वाटा आणि चार आडव्या. चीन आणि इतर ठिकाणच्या यंत्रांवर ३३७ मायक्रॉनचा एचसीएन लेसर पुष्कळ वापरला गेला. ११९ मायक्रॉनचा लेसर कसा चालतो हे ऐकण्यासारखं आहे. त्याला उर्जित करायला कार्बन डायऑक्साइड लेसरच लावतात. १० मायक्रॉनच्या झोताने मिथेनॉलच्या वाफेचे रेणू चेतवायचे आणि त्यांच्याकडून ११९ मायक्रॉनचा प्रकाश मिळवायचा.

या पट्ट्याचा फायदा उघड आहे. जेटच्या १९५ मायक्रॉनला १.१४ गुणिले १०^१९ प्रति चौरस मीटर एवढ्या रेषीय घनतेला (वाटेवरच्या घनतेच्या बेरजेला) फेजचा एक पूर्ण फेरा, म्हणजे एक फ्रिंज. १०.६ मायक्रॉनला एका फ्रिंजसाठी २.१ गुणिले १०^२० लागतात. म्हणजे जेटवर प्लाझ्मा अठरापट ठळक दिसतो. त्या काळच्या घनतेला ही निवड बरोबरच होती. आयटरला घनता आणि वाटेची लांबी दोन्ही वाढली, तेव्हा चित्र बदललं.

काचकाम

मी अवरक्त ऑप्टिक्सच्या जुळवाजुळवीचं काम करतो, म्हणून कागदावर न दिसणाऱ्या काही गोष्टी लिहितो.

पहिली गोष्ट थरथर. १०.६ मायक्रॉनला रेषीय घनता १०^१८ पर्यंत वाचायची असेल तर फेज ०.०३ रेडियनपर्यंत कळायला हवा. अंतराच्या भाषेत हे ५० नॅनोमीटर होतात. आणि हे कुठे? शेकडो टनांच्या विद्युतचुंबकांमधून प्रवाह सोडला-थांबवला जातो, पंप चालू आहेत, इमारत हलते आहे, अशा जागी. एखादा आरसा ५० मायक्रॉन मागे सरकला की येऊन-जाऊन झोताची वाट १०० मायक्रॉनने बदलते, म्हणजे नऊ फ्रिंजांहून जास्त. संपूर्ण प्लाझ्माचा ठसा तीन-चार फ्रिंजांचा. एका रंगावर घनता काढायला गेलात तर आकडे येतील, पण ते यंत्राच्या हालचालीचे असतील.

दुसरी गोष्ट, हवा. वर तरंगवेध यांनी दहा लाखांत पाच असा फरक सांगितला. हवेचा अपवर्तनांक एकापेक्षा दहा लाखांत सुमारे २७० ने जास्त असतो. म्हणजे पात्राबाहेरची प्रत्येक मीटर हवा आतल्या प्लाझ्मापेक्षा पन्नासपट मोठा परिणाम करते. ती स्थिर राहिली तर प्रश्न नाही, पण वारा, उष्णता, दमटपणा यांनी ती सतत बदलते. मोठ्या यंत्रात लेसर सुरक्षित खोलीत असतो आणि झोताला जाऊन येऊन फार लांबचा पल्ला कापावा लागतो. म्हणून सगळी वाट नळ्यांमधून नेतात, आणि आतली हवा कोरडी ठेवतात. दूर अवरक्तात तर कोरडेपणा अनिवार्यच, कारण पाण्याची वाफ तो प्रकाश गिळते.

तिसरी गोष्ट, पहिला आरसा. प्लाझ्माला थेट सामोरा असणारा आरसा. त्याच्यावर वेगवान कणांचा मारा होऊन पृष्ठभाग झिजतो, किंवा भिंतीतून उडालेलं द्रव्य त्यावर बसतं. तरंगलांबी जितकी आखूड तितका हा खडबडीतपणा जास्त नडतो. दृश्य प्रकाशासाठी निकामी झालेला आरसा १० मायक्रॉनला अजून बराच चांगला असू शकतो. माझ्या मते ही एकच बाब तरंगलांबी ठरवायला पुरेशी आहे. भट्टी सुरू झाली की तो आरसा बदलायला माणूस आत जाऊ शकत नाही.

आणि जाता जाता: १०.६ मायक्रॉनचा झोत डोळ्याला दिसत नाही, आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात तो शोषला जातो. जुळवाजुळवीसाठी त्याच वाटेवर लाल हीलियम-निऑनचा झोत सोडतात, पण लाल ठिपका जागेवर आहे म्हणजे अदृश्य झोतही तिथेच आहे असं कधीच गृहीत धरू नये. झिंक सेलेनाइडच्या खिडकीत दोघं वेगळे वळतात.

चौकस

काचकाम, फार उपयोगी प्रतिसाद. पण मग थरथर नऊ फ्रिंजांची आणि प्लाझ्मा तीन-चारचा, तर उत्तर निघतं तरी कसं?

तरंगवेध

दोन रंग वापरून. एकाच वाटेवर दोन तरंगलांब्या सोडायच्या. थरथरीमुळे होणारा फेजबदल तरंगलांबीच्या व्यस्त प्रमाणात असतो, प्लाझ्मामुळे होणारा थेट प्रमाणात. दोन अज्ञात, दोन समीकरणं. आखूड तरंगलांबी मुख्यतः थरथर सांगते, ती लांब तरंगलांबीच्या वाचनातून वजा करायची.

सॅन दिएगोच्या डीथ्री-डी टोकामॅकवर अशी जोडी अनेक वर्षं आहे: १०.६ मायक्रॉनचा कार्बन डायऑक्साइड लेसर आणि ०.६३३ मायक्रॉनचा हीलियम-निऑन. तीन उभ्या वाटा आणि एक आडवी. पण दोन रंगांत जवळजवळ सतरापटींचं अंतर आहे. थरथर १०.६ वर दहा फ्रिंजांची असेल तर लाल प्रकाशावर १६७ फ्रिंजा मोजाव्या लागतात, आणि त्याही एकही न चुकता. त्यात काचकाम यांनी सांगितलेला आरशाचा प्रश्न. म्हणून आयटरच्या टोरॉइडल (कड्याच्या दिशेने पाहणाऱ्या) इंटरफेरोमीटर-पोलारिमीटरसाठी (पोलारिमीटर म्हणजे प्रकाशाचं ध्रुवीकरण मोजणारं उपकरण) दुसरा रंग ५.२२ मायक्रॉनचा निवडला आहे, क्वांटम कॅस्केड नावाच्या अर्धवाहक लेसरमधून. पहिला १०.५९ चा. पाच वाटा, सगळ्या प्लाझ्माच्या कड्याला स्पर्शरेषेने जाणाऱ्या. समोरच्या भिंतीत कोपरा-आरसे, जे झोत आला त्याच दिशेने परत पाठवतात. त्यामुळे भिंत थोडी तिरकी झाली तरी झोत घरी परततो. या रचनेचा नमुना डीथ्री-डीवरच तपासला गेला.

फेज प्रत्यक्ष वाचण्याची युक्तीही सांगून टाकतो. दोन झोतांच्या वारंवारतेत ध्वनितरंगांवर चालणाऱ्या मॉड्युलेटरने ४० मेगाहर्ट्झसारखा फरक ठेवतात. एकत्र आल्यावर डिटेक्टरवर ४० मेगाहर्ट्झचा ठोका मिळतो आणि प्रकाशाचा फेजबदल जसाच्या तसा त्या ठोक्यात उतरतो. झोताची तीव्रता कमीजास्त झाली तरी फेज बिघडत नाही. शिवाय फेज वाढतोय की घटतोय हेही कळतं, जे नुसत्या उजेड-अंधाराच्या पट्ट्यांवरून कळलं नसतं.

चौकस

"एकही न चुकता" म्हणालात. चुकली तर?

काचकाम

तर फ्रिंज जंप. या क्षेत्रातलं सगळ्यात जुनं दुखणं.

फेज ही फेऱ्यात फिरणारी गोष्ट आहे. ३६० अंश आणि शून्य अंश सारखेच दिसतात. त्यामुळे आतापर्यंत किती फेरे झाले याची मोजदाद इलेक्ट्रॉनिक्सला सतत ठेवावी लागते. अंधारात जिना उतरताना पायऱ्या मोजतो तसं: एक पायरी मोजायची राहिली तर पुढचं सगळं गणित एकाने चुकतं, आणि पायरीकडे पाहून ती कितवी आहे हे सांगता येत नाही.

चुकते कधी? प्लाझ्मात गोठवलेल्या हायड्रोजनची गोळी मारली की घनता एकदम उसळते. काठावर ईएलएम नावाचे उद्रेक होतात. डिसरप्शन होतं. अशा वेळी झोत वाकून डिटेक्टरवरून निसटतो, क्षणभर सिग्नल जातो, परत येतो तेव्हा मधले फेरे कुणी पाहिलेले नसतात. दूर अवरक्तात झोत जास्त वाकतो आणि फेरेही जास्त होतात, म्हणून तिथे हे दुखणं जास्त. जेटवर ५ गुणिले १०^१९ सरासरी घनता आणि तीन मीटर वाट धरली तर तेराच्या आसपास फ्रिंजा होतात. एक हुकली की घनता सात-आठ टक्क्यांनी चुकीची.

प्रयोग संपल्यावर तपासायची सोपी खूण आहे. प्लाझ्मा गेल्यावर फेज शून्यावर यायला हवा. तो शून्याऐवजी नेमक्या एका किंवा दोन फ्रिंजांवर थांबला, तर मध्ये कुठेतरी उडी झाली. मागाहून ती दुरुस्त करता येते. पण गॅसच्या झडपेला मागाहूनच्या दुरुस्तीचा काय उपयोग? तिला आत्ता आकडा हवा.

साधा_वाचक

पायऱ्यांमुळे एकदम लक्षात आलं. आणि प्रयोग लांबत चाललेत ना, म्हणजे हा धोका वाढतच जाणार?

काचकाम

बरोबर पकडलंत. जेटवर एक प्रयोग काही सेकंदांचा, फार तर काही दशक सेकंदांचा. फ्रान्समधल्या वेस्ट टोकामॅकने फेब्रुवारी २०२५ मध्ये प्लाझ्मा १,३३७ सेकंद टिकवला. बावीस मिनिटं शून्य परत तपासायची संधी नाही. तेवढ्या वेळात यंत्र तापून प्रसरण पावतं, हवा बदलते, शून्यच सरकतं. उद्याची वीज देणारी भट्टी तर दिवसच्या दिवस चालावी अशी अपेक्षा. म्हणून फेरे मोजण्यावर विसंबणाऱ्या उपकरणाला साक्षीदार हवाच, असं माझं ठाम मत आहे.

गणिती

फेरे मोजण्याचं ओझं हलकं करणारी एक सुंदर रचना आहे, तिचा उल्लेख इथे व्हायलाच हवा: डिस्पर्शन इंटरफेरोमीटर.

कार्बन डायऑक्साइडचा १०.६ चा झोत एका नॉनलिनियर स्फटिकातून सोडतात. त्यातल्या काही भागाची वारंवारता दुप्पट होऊन ५.३ मायक्रॉनचा झोत तयार होतो. दोन्ही झोत अगदी एकाच वाटेने प्लाझ्मातून जातात. पलीकडे दुसरा स्फटिक. तिथे उरलेल्या १०.६ चंही दुपटीकरण होतं. आता डिटेक्टरवर ५.३ चे दोन झोत येतात: एक प्लाझ्माच्या आधी जन्मलेला, एक नंतर. दोघांचा संदर्भ एकमेकांशीच.

गंमत पाहा. वाटेची लांबी बदलली तर १०.६ च्या फेजमध्ये जो बदल होतो तो दुपटीकरणात दुप्पट होतो, आणि ५.३ च्या झोतातही तो १०.६ च्या दुप्पटच झालेला असतो. वजाबाकी शून्य. थरथर गणिताने वजा करावी लागत नाही, ती उपकरणातच नाहीशी होते. प्लाझ्माचा परिणाम मात्र उरतो, कारण तो तरंगलांबीच्या थेट प्रमाणात आहे: एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला अर्धा, फरक दीड. म्हणजे साध्या १०.६ च्या इंटरफेरोमीटरच्या दीडपट सिग्नल. वेगळा संदर्भ झोतही लागत नाही.

नोवोसिबिर्स्कच्या बुडकर संस्थेत ही पद्धत विकसित झाली, जर्मनीतल्या युलिखच्या टेक्स्टॉर टोकामॅकवर ती बसवली. पुढे जपानच्या एलएचडी आणि जर्मनीतल्याच ग्राइफ्सवाल्डच्या वेंडेलश्टाइन ७-एक्स या संलयन यंत्रांवरही ती बसवली गेली. शेवटच्या दोन्ही यंत्रांवर फेज ओळखायला फोटोइलॅस्टिक मॉड्युलेटर (ताण देऊन प्रकाशाचं ध्रुवीकरण बदलणारं साधन) वापरला गेला.

मर्यादा सांगायची तर स्फटिकाचं दुपटीकरण फार कमी कार्यक्षम असतं, त्यामुळे ५.३ चा सिग्नल क्षीण मिळतो. आणि दमट हवेचा अपवर्तनांक दोन रंगांना नेमका सारखा नसतो, तेवढी चूक शिल्लक राहते.

दुर्बीण

हे माहीत नव्हतं, धन्यवाद. तरीही माझा मूळ आक्षेप थोडा शिल्लक आहे. हे सगळे प्रकार अख्ख्या वाटेची बेरीज देतात. थॉमसन स्कॅटरिंग, म्हणजे इलेक्ट्रॉनांनी विखुरलेला लेसरचा प्रकाश वाचणं, तर थेट एकेका बिंदूची घनता देतं, तापमानही देतं, आणि त्यात फेरे मोजायची भानगड नाही. सगळा भार त्याच्यावर का टाकू नये?

तरंगवेध

थॉमसनचं ऋण कुणीच नाकारणार नाही. १९६९ साली कलहॅमचे ब्रिटिश शास्त्रज्ञ लेसर घेऊन मॉस्कोला गेले, कुर्चातोव्ह संस्थेच्या टी-३ टोकामॅकवर तापमान मोजलं, आणि तापमानाबद्दलचा रशियन दावा खरा ठरला. टोकामॅकची लाट तिथून जगभर गेली.

पण त्याच्या दोन अडचणी आहेत. एक, तिथे प्रचंड शक्तीच्या लेसरचे स्पंद लागतात आणि ते सेकंदाला काही दशक वेळाच मिळतात. दोन स्पंदांच्या मधल्या काळात आपण आंधळे. दोन, त्याची घनता विखुरलेल्या प्रकाशाच्या तीव्रतेवरून निघते. खिडकी थोडी काळवंडली की घनता कमी दिसते. म्हणून थॉमसनचं माप ताडून बघायला इंटरफेरोमीटरचाच आधार घेतला जातो. दोघांना एकमेकांची गरज आहे.

काचकाम यांनी साक्षीदार म्हटलं, तो माझ्या मते फॅराडे परिवलन. चुंबकक्षेत्राच्या दिशेने जाणाऱ्या झोताचं ध्रुवीकरणाचं प्रतल (प्रकाशाचं विद्युतक्षेत्र ज्यात डोलतं ते) प्लाझ्मात हळूहळू वळत जातं. वळण्याचा कोन घनता गुणिले झोताच्या दिशेतलं चुंबकक्षेत्र यांच्या बेरजेच्या, आणि तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. आयटरचं मुख्य क्षेत्र ५.३ टेस्ला आणि ते बाहेरच्या कुंडलांवरून चांगलं माहीत असतं. त्यामुळे स्पर्शरेषेच्या झोतावरचा कोन सरळ घनता सांगतो. १०.६ मायक्रॉन आणि १०^२० ला हा कोन दर मीटरला सुमारे ०.९ अंश. दहा मीटरला नऊ अंश.

नऊ अंश म्हणजे थोडे वाटतात, पण हेच त्याचं बळ. कोन अर्ध्या फेऱ्याच्या जवळपासही जात नाही, म्हणून फेरे मोजायचेच नाहीत. सिग्नल दोन सेकंद गेला आणि परत आला, तरी आल्याक्षणी खरी घनता पुन्हा हाती. थरथरीचाही परिणाम नाही, कारण झोताचे दोन्ही घटक एकाच वाटेने जातात. हेच ११९ मायक्रॉनला केलं असतं तर कोन १२६ पट झाला असता, हजार अंशांच्या वर, आणि पुन्हा फेरे मोजणं आलं. म्हणून मी सुरुवातीला १० मायक्रॉनबद्दल तसं लिहिलं. तिथे इंटरफेरोमीटर बारकावा देतो आणि पोलारिमीटर भरवसा, दोन्ही एकाच लेसरवर. जपानच्या जेटी-६०यू टोकामॅकवर कार्बन डायऑक्साइड लेसरने असं मापन आयटरच्या खूप आधी करून दाखवलं गेलं.

११९ ला आयटरमध्ये वेगळं काम आहे. पोलॉइडल (छेदाच्या प्रतलातला) पोलारिमीटर या तरंगलांबीवर चालतो. तिथे झोत प्लाझ्माच्या उभ्या छेदातून जातो, झोताच्या दिशेतलं क्षेत्र बरंच कमी असतं, म्हणून लांब तरंगलांबी लागते. त्यातून प्लाझ्मातला प्रवाह आत कसा पसरलाय ते कळतं.

दुर्बीण

आता पटलं. बारकावा आणि भरवसा एकाच लेसरवर, हा मुद्दा मायक्रोवेव्हला जमणारा नाही.

चौकस

पाच वाटांवरून आतली घनता कशी पसरली आहे ते कळतं?

गणिती

ढोबळ कळतं. प्लाझ्मा चुंबकीय पृष्ठभागांच्या थरांत असतो आणि एका थरावर घनता जवळजवळ सारखीच असते. गोल छेदासाठी आबेलचं १८२६ चं समाकल रूपांतर लावून बेरजेवरून थर उकलता येतात. खऱ्या छेदाला चुंबकीय समतोलाचं गणित जोडावं लागतं. गाभ्याची घनता काढताना प्रत्येक बाहेरच्या थरातली चूक आत साचत जाते, म्हणून पाच वाटांवर तपशील फार मागू नये. तिथे दुर्बीण यांचं थॉमसनच उपयोगी.

एक गोष्ट मात्र आयटरला पहिल्यांदाच गंभीरपणे भिडणार आहे. तरंगवेध यांनी "मध्ये गुणक नाही" म्हटलं, ते थंड प्लाझ्मासाठी. तापमान २५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (संलयनात ते या एककात सांगतात) झालं की इलेक्ट्रॉन इतके वेगवान होतात की सापेक्षतेमुळे त्यांचं जडत्व वाढतं आणि ते प्रकाशाला कमी प्रतिसाद देतात. फेजमधली घट दीड गुणिले तापमान भागिले ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे ७.३ टक्के. फॅराडे परिवलनात दीडऐवजी दोन, म्हणजे ९.८ टक्के. दुरुस्ती न करता वाचलं तर दोन्ही उपकरणं घनता कमी सांगतील, आणि एकमेकांशी अडीच टक्क्यांनी भांडतील.

तरंगवेध

गणिती, ही दुरुस्ती आवश्यकच. त्यासाठी थॉमसनचं तापमान त्याच क्षणी गणितात घ्यावं लागेल, आणि ते काही मिलिसेकंद जुनं असलं तरी चालेल, कारण तापमान फ्रिंजसारखी उडी मारत नाही. नियंत्रणाच्या गणितात तीन आकडे शेजारी ठेवायचे: दोन रंगांवरची घनता, फॅराडेची घनता, आणि दोघांतला फरक. फरक हळूहळू वाढत गेला तर शून्य सरकतंय किंवा तापमानाची दुरुस्ती चुकतेय. एकदम एका फ्रिंजएवढा, म्हणजे आयटरच्या वाटेवर २.१ गुणिले १०^२० एवढा उडाला, तर फेरा हुकला, आणि तो त्याच मिलिसेकंदाला परत जोडता येतो. नऊ अंशांचा कोन दशांश अंशापर्यंत वाचता आला की एका फ्रिंजच्या उडीला लपायला जागा राहत नाही.

काचकाम

दशांश अंशासाठी ध्रुवीकरण बिघडवणाऱ्या सगळ्या गोष्टी आधी मोजून ठेवाव्या लागतात. आरशावर झोत तिरका पडला की दोन ध्रुवीकरणांना वेगवेगळी फेज मिळते, आणि थर बसलेल्या आरशावर ती रोज थोडी बदलते. दर प्रयोगाआधी, प्लाझ्मा नसताना, ज्ञात ध्रुवीकरणाचा झोत पाठवून आख्खी वाट तपासणं हा त्यावरचा रस्ता. याबद्दल स्वतंत्र प्रतिसाद लिहितो, त्यात झिंक सेलेनाइडच्या खिडक्यांवर चुंबकक्षेत्राचा स्वतःचा परिणाम होतो तोही घ्यायला हवा.